बाळ घरी येण्याआधी कुत्र्याची तयारी

सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की आपल्याकडची सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. सासरी मग जुना पाळणा माळ्यावरून खाली निघतो, मऊ सुती पातळांची दुपटी शिवली जातात, एखादी खोली चुन्याने नाहीतर डिस्टेंपरने रंगविली जाते. या धावपळीत घरातल्या एका जिवाचा विचार मात्र कोणी करीत नाही. तो जीव म्हणजे ओसरीवर पाय ताणून पडलेला कुत्रा.

"डॉक्टर, आता घरात लहान लेकरू आहे, कुत्र्याचे काय करायचे?" हा प्रश्न बहुधा बारसे होऊन गेल्यावर विचारला जातो. कुत्रा एकदा बाळावर गुरगुरलेला असतो, सासूबाई त्याला बाहेर हाकलून मोकळ्या झालेल्या असतात आणि सून घाबरलेली असते. खरे पाहता हा प्रश्न ओटीभरणाच्या वेळीच विचारावयास हवा. माहेरपणाचे ते तीन-चार महिने ही घरच्यांना आयती मिळालेली सवड आहे. तिचा उपयोग कसा करावा, हे आजच्या लेखात पाहू.

कुत्र्याचे जग वासाचे आणि वेळेचे असते. सकाळी कोण फिरावयास नेतो, भाकरी केव्हा मिळते, कोणत्या दाराशी झोपावयाचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याला रोज भाकरी घालणारी बाई एक दिवस निघून जाते. काही महिन्यांनी ती परत येते तेव्हा तिच्या अंगाला दुधाचा, तेलाचा, धुरीचा नवाच वास असतो. तिच्या हातात एक गाठोडे असते आणि ते गाठोडे किंचाळते! ज्या खोलीत तो काल झोपला, तिथून आज त्याला 'हाड' करून घालविले जाते. पाहुण्यांची रीघ लागते. अशा वेळी कुत्रा बिथरला तर तो त्याचा दुष्टपणा नव्हे. त्याला 'मत्सर' झाला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती नुसती भीती आणि गोंधळ असतो. उपाय करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण मत्सर समजून आपण कुत्र्याला शिक्षा करतो आणि त्याने भीती आणखी वाढते.

पाळीव प्राणी आणि तान्हे मूल म्हटले की आपल्याला पंचतंत्रातली ब्राह्मण आणि मुंगसाची गोष्ट आठवते. पाळण्याजवळ आलेल्या सापाला मुंगसाने मारले, त्याच्या तोंडाला रक्त लागलेले पाहून आईला वाटले, याने बाळाला खाल्ले. तिने डोक्यावरचा घडा त्याच्यावर टाकला व ते मेले. अविचार करू नये, हे तात्पर्य आपण शाळेत घोकले. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या गोष्टीत दुसरेही काही दिसते. पाण्याला जाताना त्या बाईने नवऱ्याला बाळाकडे लक्ष ठेवावयास सांगितले होते. नवरा भिक्षेच्या मोहाने निघून गेला आणि पाळण्याशी राहिले फक्त बाळ व मुंगूस. म्हणजे घोटाळा झाला तो राखण करणारा माणूस उठून गेल्यामुळे. आजही बाळाला चावे बसतात ते बहुतेक याच 'दोन मिनिटांत', आणि पुष्कळदा घरच्याच ओळखीच्या कुत्र्याकडून. म्हणून कुत्रा कितीही गरीब असो, दहा वर्षांचा जुना असो, तान्ह्या बाळाला त्याच्यासोबत एकटे ठेवावयाचे नाही. आई न्हाणीत गेली आणि दुसरे कोणी जवळ नसेल, तर मधले दार बंद करूनच जावे.

यावर आपल्या भागातले लोक हमखास हेमलकशाचा दाखला देतात. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी शिकारीत अनाथ झालेली पिल्ले सांभाळली, आणि त्यांची मुले बिबट्या, अस्वल, माकडे यांच्या सहवासात वाढली. या दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. 'तिथे बिबट्या चालतो, मग आमच्या घरी कुत्रा का नको?' असे विचारणाऱ्याने इतके ध्यानात घ्यावे की, ती पिल्ले अगदी लहानपणापासून जाणत्या माणसांच्या हातावर वाढली आणि प्राण्यांचा स्वभाव ओळखण्यात त्या माणसांची हयात गेली. ते धाडस घरी करून पाहण्याचे नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यान्वये वन्य प्राणी घरी पाळणे गुन्हा आहे. अंगणातल्या पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा त्यात येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हेमलकशाकडून घ्यावयाची गोष्ट एवढीच, की प्राण्याची सवय हळूहळू, रोज आणि माणसाच्या नजरेखाली होते.

तीन महिन्यांतली कामे

पहिले काम पशुवैद्यकीय दवाखान्याचे. कुत्र्याला पिसाळीची, म्हणजे रेबीजची लस टोचली आहे काय? गावठी कुत्रा असला तरी ती हवीच. पिल्लाला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस देतात, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पूरक मात्रा आणि नंतर दरवर्षी एकदा. लसीचे संरक्षण येण्यास तीन-चार आठवडे लागतात, म्हणून बाळ यायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. त्याच फेरीत जंताचे औषध घ्यावे. मोठ्या कुत्र्याला ते साधारण दर तीन महिन्यांनी देतात. कुत्र्याच्या विष्ठेतून गोल कृमींची अंडी अंगणातल्या मातीत मिसळतात, आणि रांगते मूल ती माती तोंडात घालते. गोचीड आणि पिसवांचाही बंदोबस्त करून घ्यावा. मात्र कुत्र्याला लावावयाचे गोचिडाचे औषध मांजरीला कधीही लावू नये. त्यातल्या काही औषधांनी मांजर मरते.

घरात कुत्रा नाही आणि 'बाळासोबत पिल्लूही वाढेल' या हौसेने कोणी बाळंतपणाच्या सुमारास पिल्लू आणीत असेल, तर माझा स्पष्ट विरोध आहे. पिल्लाला जंत फार असतात, ते दिसेल त्याला दात लावते आणि त्याची लस पूर्ण झालेली नसते. मूल चार-पाच वर्षांचे होऊ द्यावे.

दुसरे काम वेळापत्रकाचे. बाळ आल्यावर जे बदलणार आहे, ते आधीच बदलावे. कुत्र्याला सून फिरावयास नेत असेल तर आता दिराने किंवा सासऱ्यांनी न्यावे. बाळंतिणीच्या खोलीत त्याला येऊ द्यावयाचे नसेल तर आजपासूनच येऊ देऊ नये आणि त्याची गोणपाटाची जागा दुसरीकडे, पण माणसांच्या वावरातच करावी. म्हणजे बाळ येण्याचा आणि जागा जाण्याचा संबंध त्याच्या मनात जुळत नाही. पाळणा महिनाभर आधी टांगून ठेवावा. रिकामा पाळणा हलवावा, त्याची कडी करकरू द्यावी. हलत्या वस्तूवर झेप घेणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. ती उत्सुकता रिकाम्या पाळण्यावरच संपून जावी. 'बस', 'थांब', 'सोड' एवढे तीन शब्द तरी त्याला नीट कळावयास हवेत.

रडण्याचा आवाजही आधी ऐकवावा. माहेरी बाळ झाले की त्याचे रडणे मोबाईलवर भरून मागवावे व कुत्र्याला भाकरी घालताना अगदी हळू आवाजात लावावे. तो निवांत खात राहिला तर दोन दिवसांनी आवाज थोडा वाढवावा. कान टवकारून खाणे थांबविले तर पुन्हा कमी करावा.

आणि दुपटे. आपल्या रिवाजात माहेरी-सासरी जाणे-येणे चालूच असते. बारशाला गेलेल्या मंडळींनी परत येताना बाळाच्या अंगाखालचे वापरलेले, न धुतलेले एक दुपटे पिशवीत घालून आणावे. ते कुत्र्यापुढे फेकू नये. हातात धरून त्याला दुरून हुंगू द्यावे, शांतपणे हुंगले की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा द्यावा. फाडावयास आला तर दुपटे काढून घ्यावे. रागावू मात्र नये. आठ-दहा दिवस असे केले म्हणजे बाळ दारात येईल तेव्हा निदान वासाने तरी ते ओळखीचे असेल.

बाळ दारात येते तो दिवस

त्या दिवशी कुत्र्याला सकाळीच चांगले दमेपर्यंत फिरवून आणावे. भाकरतुकडा ओवाळणे, पाय धुणे, शेजारणींची गर्दी हे सारे आटोपेपर्यंत तो मागच्या वाडीत किंवा शेजाऱ्यांकडे असलेला बरा. गर्दी ओसरली की आधी एकट्या सुनेने, रिकाम्या हातांनी त्याला भेटावे. चार महिन्यांनी भेटलेला कुत्रा उड्या मारणार, अंगावर येणार. त्याचा तो आनंद बाळ हातात नसताना होऊन जाऊ द्यावा. (टाके ओले असतील, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिने बसूनच भेटावे आणि दुसऱ्याने साखळी धरावी.)

बाळाची भेट त्यानंतर, तो शांत झाला की. बाळ एकाच्या मांडीवर, कुत्र्याची साखळी दुसऱ्याच्या हातात, आणि दोघांमध्ये चार-पाच हातांचे अंतर. साखळी ताणून धरू नये. ताणलेली साखळी कुत्र्याला 'काहीतरी धोका आहे' असे सांगते. कुत्र्याने पाहिले, हवेत हुंगले, मान वळविली, की त्याला शाबासकी द्यावी. पहिल्या दिवशी एवढे पुरे. पुढच्या दिवसांत अंतर कमी करीत, झाकलेल्या पायांकडून हुंगू द्यावे. तोंड, हात चाटू देऊ नयेत. बाळाच्या तोंडाला दुधाचा वास असतो म्हणून कुत्रा चाटावयास बघतो, त्यात त्याचे प्रेम आहे हे कबूल. पण लाळ डोळ्यात, तोंडात किंवा खरचटलेल्या कातडीवर जाणे बरे नव्हे.

आता या लेखातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहुतेक घरांत काय होते? बाळ जागे असले, मांडीवर असले की कुत्र्याला 'जा तिकडे' म्हणून हाकलतात. बाळ झोपले की मग 'बिचारा!' म्हणून त्याला जवळ घेतात, गोंजारतात, खाऊ घालतात. आपल्याला वाटते आपण त्याची भरपाई करीत आहोत. कुत्रा मात्र यातून भलताच धडा घेतो : बाळ दिसले की अपमान, बाळ नसले की लाड. महिनाभरात त्याला बाळ नकोसे झाले तर नवल ते काय? हे नेमके उलट करावे. बाळाला मांडीवर घेऊन आजी ओसरीवर बसल्या की त्याच वेळी दुसऱ्या कोणी कुत्र्याला तुकडा द्यावा, नावाने हाक मारावी. बाळाला उन्हात कोवळे शेकावयास बाहेर नेले की कुत्राही साखळीने सोबत असावा. बाळ झोपल्यावर त्याच्याकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालेल. बाळ आले की काहीतरी चांगले घडते, हे त्याला पटले पाहिजे. त्यासाठी रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

दुसरी चूक गुरगुरण्याबाबत होते. कुत्रा बाळाकडे पाहून गुरगुरला की काठी पडते. गुरगुरणे ही त्याची भाषा आहे. 'मला हे सहन होत नाही, थोडे दूर न्या' असे तो सांगत असतो. मार बसला की तो गुरगुरणे सोडतो, भीती मात्र तशीच राहते, आणि पुढे एके दिवशी काही न सांगता चावतो. गुरगुरला तर बाळाला आणि कुत्र्याला शांतपणे दूर करावे व सवय पुन्हा लांबून सुरू करावी. त्याआधीचीही लक्षणे असतात : अंग ताठ होणे, ओठ चाटीत राहणे, झोप नसता जांभया, मान फिरवून डोळ्यांच्या कडेने बघणे, शेपूट पोटाखाली घेणे. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, असेही धरून चालू नये.

बारशाचे अथवा जावळाचे कार्य घरी असेल तर त्या दिवशी कुत्रा गर्दीत नको. पाहुण्यांची मुले त्याला पेढे, चॉकलेट चारतात. चॉकलेट त्याला विषासमान आहे, आणि मनुका-बेदाण्यांनी त्याचे मूत्रपिंड बिघडू शकते. म्हणून बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवाचा तुकडाही त्याला देऊ नये.

रात्रीचा प्रश्न

आपल्या भागापुरती एक बाब वेगळी सांगावी लागते. बाळ आले म्हणून वर्षानुवर्षे घरात झोपणाऱ्या कुत्र्याला रात्री ओसरीवर बांधले जाते. भद्रावतीला एकीकडे आयुध निर्माणीची दाट झाडी, दुसरीकडे कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगांवर वाढलेली झुडपे, आणि पूर्वेला ताडोबा-अंधारीचे जंगल. बिबट्या वस्तीपर्यंत येतो तो पुष्कळदा कुत्र्यासाठी. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के आढळला. साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर त्याला उघड्यावर बांधणे म्हणजे बिबट्याला त्याच दाराशी आणणे होय. म्हणून रात्री कुत्रा बंद दाराच्या आत, दुसऱ्या खोलीत किंवा भक्कम पडवीत असावा.

उन्हाळ्याचेही तसेच. पारा ४५-४६ अंशांवर गेला की घरात गार खोली एकच, जिथे कूलर आहे. बाळही तिथेच आणि कुत्र्यालाही तिथेच जायचे असते. दाराशी भांडण नको असेल तर त्याला दुसरीकडे ओले पोते, सावली आणि भरपूर पाणी द्यावे. तापलेला, तहानलेला कुत्रा चिडका होतो.

मांजरीबद्दल थोडे. मांजर बाळाचा श्वास शोषून घेते, हा निव्वळ गैरसमज आहे. ते पाळण्यात शिरते ते उबेसाठी. पण तान्ह्या बाळाच्या तोंडाशी ते झोपले तर बाळाला मान वळविता येत नाही, गुदमरण्याची भीती खरी आहे. पाळण्यावर घट्ट बसणारी मच्छरदाणी लावावी, डासांचेही काम होते. गरोदर स्त्रीने मात्र मांजराची घाण स्वतः काढू नये. तीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरतो आणि गर्भाला इजा करू शकतो. ताज्या घाणीतला हा परजीवी रोगकारक व्हावयास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज काढली म्हणजे धोका बराच टळतो. तेवढ्यासाठी मांजर घालवून देण्याचे कारण नाही. अर्धवट शिजलेले मटण आणि न धुतलेल्या भाजीतूनही हाच परजीवी येतो, तिकडे कोणाचे लक्ष नसते.

केसाळ प्राण्यामुळे बाळाला दमा होतो काय, असेही विचारतात. स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दमा काहीसा कमीच आढळला. म्हणून कोणी दम्यावर उपाय म्हणून कुत्रा आणू नये, आणि दम्याच्या नुसत्या भीतीने असलेला घालवूही नये. घरात आधीच कोणाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारावे.

सहा-सात महिने सुरळीत गेले की घरचे निर्धास्त होतात, आणि तेव्हाच बाळ रांगू लागते. हा काळ पहिल्यापेक्षाही जपण्याचा. आता बाळ स्वतः कुत्र्याकडे जाते, शेपूट ओढते, त्याच्या ताटलीत हात घालते, झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर चढते. दोघांची तोंडे एकाच उंचीवर येतात, म्हणून लहान मुलांना चावे चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतात. कुत्र्याचे जेवण आणि हाडूक वेगळ्या जागी, दाराआड ठेवावे. त्याला अशी एक जागा असावी की जिथे मूल पोहोचत नाही.

एवढे करूनही दात किंवा नख लागलेच, तर कुत्रा घरचा आहे, लस टोचलेला आहे, म्हणून थांबू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावूनच धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये, पट्टी बांधू नये आणि थेट ग्रामीण रुग्णालयात किंवा चंद्रपूरला शासकीय रुग्णालयात न्यावे. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त निघाले असेल तर जखमेत सिरमचेही इंजेक्शन द्यावे लागते, ते नाकारू नये. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली आहेत. चावा आईला बसला असेल तर तिनेही लस घ्यावी. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ती चालते, पाजणे थांबवावे लागत नाही. रेबीज झाल्यावर मात्र रुग्ण वाचत नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला कंटाळा करू नये.

काही कुत्रे खरोखरच बाळाजवळ ठेवण्याजोगे नसतात. पूर्वी माणसाला चावलेला, कोंबड्या-मांजरांची पिल्ले मारणारा, अथवा पाळण्याकडे टक लावून, अंग ताठ करून उभा राहणारा कुत्रा पशुवैद्यांना अवश्य दाखवावा. त्यांनीही दूर करा म्हटले तर मूल मोठे होईपर्यंत तो ज्याच्याकडे लहान मूल नाही अशा नातेवाइकाकडे किंवा शेतावरच्या ओळखीच्या माणसाकडे द्यावा. वरोऱ्याच्या रस्त्यावर नाहीतर जंगलाकडेला सोडून येण्याची पद्धत फार वाईट आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. घरी वाढलेल्या कुत्र्याला बाहेर अन्न मिळविता येत नाही. तो उपाशी, बिनलसीचा होऊन दुसऱ्या एखाद्या वस्तीतल्या मुलांमध्ये हिंडतो, नाहीतर बिबट्याच्या तोंडी जातो. दुसऱ्याकडे देताना त्याचे गोणपाट, त्याची ताटली आणि लसीची तारीख लिहिलेला कागद सोबत द्यावा.